यंत्र येण्याआधी पीक बदलतं

घरातला टोमॅटो पेस्टचा डबा किंवा केचपची बाटली जरा हातात घ्या. तुम्ही अमेरिकेत राहत असाल, तर आतला टोमॅटो जवळजवळ नक्कीच कॅलिफोर्नियातला आहे. त्या देशात प्रक्रियेसाठी पिकणाऱ्या टोमॅटोपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक एकट्या त्या राज्यात पिकतो. या टोमॅटोला झाडावरून काढताना माणसाचा हात लागलेला नाही. यंत्राने अख्खं झाड जमिनीलगत कापलं, उचललं, गदागदा हलवलं आणि फळं पट्ट्यावर पाडली.

शेतीतल्या रोजगाराचं पुढे काय होणार, हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर रोबो आणि ड्रोन येतात. मग 'इतक्या टक्के नोकऱ्या जाणार' असे अंदाज सुरू होतात. पण हे सगळं एकदा घडून गेलेलं आहे, तेही अवघ्या पाच-सहा वर्षांत. त्याची नीट नोंदही आहे. तेव्हा आज आपण आधी साठ वर्षं मागे जाऊन टोमॅटोची गोष्ट पाहू आणि मग तिथून थेट आपल्याकडच्या उसाच्या फडात येऊ. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते वाचता वाचता लक्षात येईलच.

पाच वर्षांत सगळा मळा बदलला

१९४२ पासून अमेरिकेत 'ब्रासेरो' नावाची योजना होती. तिच्याखाली मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर यायचे, काम संपलं की परत जायचे. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात प्रक्रियेचे टोमॅटो तोडायला ऐन हंगामात साधारण ४५ हजार मजूर लागत आणि त्यातले बहुतेक याच योजनेतले असत. मजुरी कमी, राहण्याची सोय वाईट आणि तक्रार करायची तर परत पाठवलं जाण्याची भीती. कामगार संघटना आणि चर्चच्या मंडळींनी बरीच वर्षं विरोध केल्यावर १९६४ च्या अखेरीस ही योजना बंद झाली.

आता टोमॅटो संपला, हा धंदा मेक्सिकोत जाणार, असं तेव्हा शेतकरी आणि कारखानदार म्हणत होते. प्रत्यक्षात उलटं झालं. १९६३ मध्ये यंत्राने काढलेला टोमॅटो जेमतेम दीड टक्का होता. १९६८ मध्ये तो ९५ टक्क्यांच्या आसपास गेला. टोमॅटोचं क्षेत्र आणि उत्पादन पुढे वाढतच राहिलं.

एवढं मोठं यंत्र दोन-तीन वर्षांत कसं तयार झालं, असं तुम्ही विचाराल. तसं ते झालं नव्हतंच. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॅक हॅना नावाचा वनस्पती-पैदासकार आणि कोबी लॉरेन्झेन हा अभियंता १९४० च्या दशकापासूनच या कामाला लागले होते. हॅनाला एक गोष्ट लवकर कळली होती. तेव्हाचा टोमॅटो काढू शकेल असं यंत्र बनणं अशक्य होतं. म्हणून यंत्राने काढता येईल असा टोमॅटो आधी बनवायला हवा होता. एका बाजूने झाड बदलत गेलं, दुसऱ्या बाजूने यंत्र, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला 'व्हीएफ-१४५' या वाणावर दोघांची गाठ पडली. मजुरांची योजना बंद झाली तेव्हा बियाणं आणि यंत्र दोन्ही तयार उभी होती.

टोमॅटोत नेमकं काय बदललं?

परसातलं टोमॅटोचं झाड आठवा. ते वाढतच राहतं. खाली फळ पिकतं, मध्ये हिरवं असतं, वर फूल असतं. माणूस रोज जाऊन पिकलेलं तेवढं खुडतो. यंत्राला मात्र झाड एकदाच कापायचं असतं, म्हणजे सगळी फळं एकदम पिकायला हवीत.

इथे १९१४ मध्ये फ्लोरिडात सापडलेला एक उत्परिवर्ती टोमॅटो कामी आला. त्याच्यातल्या जनुकाचं नाव 'सेल्फ-प्रूनिंग', म्हणजे स्वतःची छाटणी स्वतःच करणारं. हे झाड ठरावीक उंचीला थांबतं, झुडपासारखं राहतं आणि त्याचा बहर थोडक्या दिवसांत आटोपतो. त्याच्या जोडीला घट्ट गराची, जाड सालीची, लांबट आकाराची फळं निवडली गेली, कारण गोल रसरशीत फळ पट्ट्यावरून ट्रॉलीत पडताना फुटतं. वर्तमानपत्रांनी याला 'चौकोनी टोमॅटो' असं नावही ठेवलं.

देठाची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. टोमॅटोच्या देठावर मध्येच एक सांधा असतो. फळ ओढलं की ते त्या सांध्याशी तुटतं आणि देठाचा तुकडा फळालाच राहतो. ढिगात हा तुकडा शेजारच्या फळांना टोचतो. डेव्हिसच्याच चार्ल्स रिक या शास्त्रज्ञाला हा सांधाच नसलेला रानटी टोमॅटो गॅलापागोस बेटांवर सापडला. पण त्याचं बी काही केल्या रुजेना. शेवटी रिकने ते बी तिथल्या महाकाय कासवांना खाऊ घालून पाहिलं. कासवाच्या पोटातून दोन-तीन आठवड्यांचा प्रवास करून आलेलं बी चांगलं रुजलं. तो बिनसांध्याचा गुण पुढे जगभरच्या प्रक्रियेच्या वाणांत गेला. म्हणजे तुमच्या केचपमागे एका कासवाच्या पचनसंस्थेचाही थोडा हात आहे.

या सगळ्यातून एक खूण मिळते. यंत्र शेतात दिसायच्या कितीतरी आधी पीक बदलायला लागतं. तुम्हाला एखाद्या कामाचं भवितव्य ओळखायचं असेल, तर यंत्रांच्या प्रदर्शनापेक्षा बियाणं, सरी आणि मांडव यांच्याकडे बघा. दुधाचंही तसंच आहे. १९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये दूध काढणारा रोबो पहिल्यांदा व्यावसायिक गोठ्यात बसला. आता पैदाशीच्या वळूंच्या यादीत 'याच्या मुली रोबोला चालतील का', म्हणजे त्यांच्या सडांची ठेवण यंत्राला सापडेल अशी आहे का, हाही एक गुण म्हणून नोंदलेला असतो.

हिशेबात जे बसलं, ते दिलं मात्र नाही

आता माणसांकडे वळू. टोमॅटोच्या पहिल्या यंत्रांवर दोन्ही बाजूंना डझनभर माणसं उभी राहून हिरवी फळं आणि ढेकळं वेगळी करायची. हे काम बहुतेक बायकांकडे आलं. १९७० च्या दशकाच्या मध्यावर रंग ओळखणारी इलेक्ट्रॉनिक छाननी आली आणि त्यातलीही बरीच जागा गेली. २००० च्या सुमारास साधारण साडेपाच हजार माणसं हंगामाचं काम उरकत होती, आणि तेही १९६० च्या पाचपट टोमॅटोचं. ट्रकचालक, यंत्रदुरुस्ती, कारखाने इथे नवी कामं निघाली. पण ती बहुतेक वेळा त्याच माणसांना मिळाली नाहीत.

मजूरच गेले असंही नाही. यंत्र महाग होतं आणि लहान शेतावर परवडत नव्हतं. १९६० च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात साधारण ४ हजार शेतकरी हा टोमॅटो पिकवत. १९७३ पर्यंत त्यातले सुमारे ६०० उरले.

१९७० मध्ये अँड्र्यू श्मिट्झ आणि डेव्हिड सेकलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या यंत्राचा सामाजिक ताळेबंद मांडला. संशोधनावर झालेल्या सार्वजनिक खर्चाच्या मानाने समाजाचा फायदा प्रचंड होता. ज्यांची कामं गेली त्या मजुरांना बुडालेल्या मजुरीची भरपाई दिली असती, तरी फायदा शिल्लक राहिला असता. भरपाई मात्र कोणी दिली नाही. ती कोणी द्यायची, कशातून द्यायची, याची व्यवस्थाच नव्हती.

१९७९ मध्ये शेतमजुरांच्या बाजूने थेट विद्यापीठावर खटला भरला गेला. सार्वजनिक पैशातून केलेलं संशोधन थोड्या बड्या शेतकऱ्यांच्याच उपयोगी पडतं, असं त्यात म्हणणं होतं. १९८७ मध्ये खालच्या न्यायालयात मजुरांच्या बाजूने निकाल लागला, १९८९ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला. यंत्र येऊन तोवर पंचवीस वर्षं होत आली होती. मळ्यातून बाहेर पडलेली माणसं कधीच कुठेतरी पांगली होती.

कुठलं काम आधी जाईल? तीन प्रश्न

या इतिहासातून एक साधी कसोटी तयार होते. पहिला प्रश्न: पीक एकाच वेळी तयार होतं का, किंवा तसं करता येतं का? दुसरा: माल कारखान्यात जातो की थेट ताटात? कारखान्याच्या मालाला थोडा मार लागलेला चालतो. तिसरा: शेत एवढं मोठं आणि सलग आहे का, की महागडं यंत्र दिवसभर चालत राहील?

तिन्ही उत्तरं 'हो' असतील, तर ते काम यंत्राकडे जाणार असं समजा. कोकणातला हापूस घ्या. झाडावरचा प्रत्येक आंबा वेगळ्या दिवशी तयार होतो, देठाचा चीक सालीवर सांडला तरी डाग पडतो आणि झाडं डोंगरउतारावर असतात. तिथे झेला घेऊन उभा असलेला माणूस अजून बरीच वर्षं राहील. नाशिकची द्राक्षं तुम्ही युरोपातल्या सुपरमार्केटमध्ये विकत घेत असाल, तर तो घडही विरळणीपासून खोक्यात भरेपर्यंत अनेक हातांतून आलेला असतो. तेही काम लगेच जाणारं नाही.

आता हेच तीन प्रश्न उसाला विचारून बघा.

फडातला कोयता

ऊस एकदाच तोडायचा असतो आणि तो कारखान्यातच जातो. दोन उत्तरं 'हो' आली. म्हणून ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकातच जवळपास सगळी तोडणी यंत्राकडे गेली. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात आधी ऊस पेटवून पाचट जाळायचे आणि मग हाताने तोडायचे. धुराच्या त्रासामुळे तिथे २००२ मध्ये जाळणी टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा कायदा झाला, २००७ मध्ये सरकार आणि कारखाने यांच्यात करार होऊन मुदत आणखी अलीकडे आली आणि काही वर्षांत तिथला फड यंत्राकडे गेला. तिथल्या कारखान्यांच्या संघटनेने आणि मजूर संघटनेने मिळून तोडणी कामगारांना ट्रॅक्टर-हार्वेस्टर चालवणं, वेल्डिंग, वीजकाम शिकवण्याचा कार्यक्रमही चालवला. ज्यांचं काम गेलं त्यांच्या संख्येपुढे तो लहान होता, पण निदान तो होता.

महाराष्ट्रात तिसऱ्या प्रश्नावर गाडी अडते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. हार्वेस्टर दहा टनांहून जड असतो. त्याला वळायला जागा लागते, दोन सऱ्यांत साडेचार-पाच फूट अंतर लागतं, उभा ऊस लागतो. लोळलेला ऊस त्याला नीट उचलता येत नाही आणि ओल्या काळ्या रानात तो रुततो. शिवाय यंत्र उसाच्या वीतभर कांड्या करून टाकतं. जितके जास्त काप, तितक्या जास्त ठिकाणी जिवाणूंना शिरायला वाट. ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू साखर खाऊन चिकट डेक्स्ट्रान तयार करतो आणि उतारा घसरतो. म्हणून असा ऊस लवकरात लवकर गाळावा लागतो. कांड्यांबरोबर पाचटही येतं, म्हणून वजनातून साडेचार-पाच टक्के वजावट होते आणि त्यावरून शेतकरी व कारखाना यांच्यात खटके उडतात.

पण आता टोमॅटोची खूण आठवा. पश्चिम महाराष्ट्रात कोणी नातेवाईक ऊस लावत असतील, तर त्यांना विचारा, सरी किती फुटांची सोडता? तीन-साडेतीन फुटांच्या जागी 'पाच फुटी' हा शब्द ऐकू आला, तर पीक बदलायला लागलं आहे. रुंद सरीची इतरही कारणं आहेत, ठिबक, आंतरपीक, हवा आणि ऊन. पण त्या सरीतून उद्या हार्वेस्टरही जाणार. सरकारनेही दिशा दाखवली आहे. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून राज्यात ९०० तोडणी यंत्रांना, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये यांतलं जे कमी असेल तेवढं अनुदान देण्याची योजना २०२२-२३ पासून आली.

जरा ढोबळ गणित करू. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो. यंत्र दिवसाला शंभर टन तोडतं असं धरलं, तर एक यंत्र म्हणजे पन्नास कोयते, शंभर माणसं. ९०० यंत्रं म्हणजे नव्वद हजार माणसं.

ही माणसं कोण? बहुतेक बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव अशा कमी पावसाच्या भागांतली. दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन निघायचं, फडाशेजारी पालात राहायचं, पहाटे चारला उठायचं. मुलांची शाळा बुडते. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत मजुरी हातात फारशी पडत नाही. एक दिवस खाडा झाला तर त्याचा दंड जोडीच्या हिशेबात लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांवर महिलांची गर्भाशयं काढून टाकलेली आढळली. पाळीच्या दुखण्याने काम बुडायला नको, हेही त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं.

हे काम टिकावं असं कोणाला वाटेल? फडातली आईसुद्धा आपल्या मुलीने डोक्यावर मोळी घेऊ नये म्हणूनच तिला साखरशाळेत बसवते. तरुण पोरं पुण्या-मुंबईकडे वळू लागली आहेत, कारखान्यांना टोळ्या पुरेशा मिळेनाशा झाल्या आहेत. यंत्र येण्याचं तेही एक कारण आहे. पण काम वाईट आहे म्हणून ते काढून घेतल्याने माणसाचं आपोआप भलं होत नाही. उचल हा सापळा आहे हे खरं, पण ज्यांना बँक दारात उभं करत नाही त्यांच्यासाठी एकरकमी पैसा मिळण्याचा तो एकच मार्गही आहे. लेकीचं लग्न, बोअरवेल, दवाखाना, सगळं त्यातून होतं. कोयता गेला की मजुरीबरोबर ही पतही जाते, आणि जनावरांना मिळणारं वाढ्याचं वैरणही.

वीस रुपयांचं काय करायचं?

कॅलिफोर्नियात जी व्यवस्था नव्हती, तिचा एक धागा महाराष्ट्रात आज हाताशी आहे. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आहे. त्याचा निधी गाळपाशी जोडलेला आहे: कारखान्याने टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची. २०२१-२२ च्या विक्रमी हंगामात राज्यात १,३०० लाख टनांहून अधिक ऊस गाळला गेला. त्या वर्षाच्या गाळपाला हा दर लावून पाहिला, तर कारखान्यांचे १३० कोटी आणि सरकारचे तेवढेच, असे २६० कोटी रुपये होतात.

यातली गंमत लक्षात घ्या. हे पैसे तोडणाऱ्या हाताशी बांधलेले नाहीत, टनाशी बांधलेले आहेत. ऊस कोयत्याने तोडा की हार्वेस्टरने, टन तेवढाच भरतो. म्हणजे यंत्रं वाढली आणि मजूर कमी झाले, तरी निधी आटणार नाही. श्मिट्झ आणि सेकलर यांनी कागदावर दाखवलेली भरपाई प्रत्यक्षात द्यायची असेल, तर तिच्यासाठी याहून सोपी रचना सुचणं कठीण आहे.

पण त्यासाठी काही गोष्टी आत्ताच व्हायला हव्यात. पहिली, प्रत्येक कामगाराची स्वतःच्या नावाने नोंदणी, त्यातही बाईची वेगळी. आज 'कोयता' हा एकच आकडा असल्यामुळे हिशेब नवऱ्याच्या नावाने होतो आणि उद्या भरपाई आली तरी ती त्याच्याच खात्यात जाईल. दुसरी, यंत्राच्या अनुदानाला अट. चालक, मदतनीस, दुरुस्ती करणारे या जागा आधी तोडणी कामगारांच्या घरातल्या मुला-मुलींना. तिसरी, गावातच रब्बीला पाणी आणि उचलीच्या जागी स्वस्त कर्ज. आज हे सगळं करायला वेळ आहे. टोमॅटोसारखी पाच वर्षं धावत सुटली, की मागून खटला भरण्यापलीकडे काही उरत नाही.

तुमच्यापैकी काही जण अशी यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत, त्यांच्या कॅमेऱ्यांवर किंवा सॉफ्टवेअरवर काम करत असतील. काही जण गावातल्या कारखान्याचे सभासद असतील आणि वार्षिक सभेचा अहवाल अजून घरी येत असेल. पुढच्या वेळी यंत्राची कार्यक्षमता सांगणारा तक्ता समोर आला, की एक प्रश्न जरूर विचारा: हे यंत्र शंभर माणसांचं काम करतं, तर त्या शंभर माणसांची यादी कोणाकडे आहे?